दोन जिल्ह्यांचा डेन्मार्क

आजाऱ्याला औषध, लग्नाच्या मुलाला स्थळ आणि रिकाम्या माणसाला पिक्चर सुचवणं ही तीन कामं आपल्याकडे कुणालाही जमतात. त्यांना पात्रता लागत नाही, उत्साह लागतो. त्यातल्या पहिल्या दोन्हींत निदान धोका तरी आहे. औषध लागू पडलं नाही तर नातेवाईक धरतात आणि स्थळ लागू पडलं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. पिक्चरचं तसं नाही. फार तर अडीच तास वाया जातात, आणि तेही दुसऱ्याचे. म्हणून या खात्यात मी हात कधी आखडता घेतलेला नाही.

पण माझ्या लातूरच्या भाच्याने परवा फोनवर विचारलं, "मामा, डॅनिश पिक्चर बघायचेत. कुठून सुरू करू? शिरियलनं सांगा. महत्त्वाचे कोणते अन् ऑप्शनला कोणते टाकू तेबी सांगा." यात भाच्याचा दोष नाही. तो लातूर पॅटर्नमध्ये वाढलेला मुलगा आहे. लातूरच्या मुलाला सूर्योदयसुद्धा घटक, उपघटक आणि गुणविभागणी यांसकट लागतो. त्याची आई, म्हणजे आमची अक्का, मागून ओरडत होती, "नीटचा अभ्यास सोडून हे काय बघायलास रे?" तेव्हा वेळ थोडा होता आणि विषय मोठा.

इकडे नांदेडात शेजारच्या तात्यांच्या कानावर ही गोष्ट घातली, तर ते म्हणाले, "दानिश? कोन दानिश? देगलूर नाक्याचा का?" आता नांदेडच्या माणसाच्या जिभेवर निजामाच्या राजवटीतली उर्दू अजून मुक्कामाला आहे, आणि दानिश म्हणजे शहाणपण हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी म्हटलं, "तात्या, डेन्मार्क नावाचा देश आहे, त्या देशाचे पिक्चर." तात्या म्हणाले, "मग आसं म्हना की. तिथं पिक्चर काढतेत?"

काढतात. आणि तसं पाहिलं तर डेन्मार्क आपल्या घरात येऊन बसल्याला पुष्कळ वर्षं झाली. फॉरेनहून कुणी आलं की लोण्याच्या बिस्किटांचा जो निळा गोल पत्र्याचा डबा येतो, त्या डब्यावर डेन्मार्कचं नाव असतं. त्यात बिस्किटं एकदाच असतात. नंतर तीस वर्षं सुया, दोरे आणि कुणाच्याच शर्टाची नसलेली बटणं असतात. मोठाल्या बांधकामांवर ज्या लार्सन आणि टुब्रो कंपनीची पाटी आपण वाचतो, ते होल्क-लार्सन आणि टुब्रो हे दोन डॅनिश इंजिनिअर. मुंबईत १९३८ साली दोघांनी भागीदारी केली. लार्सन हे नाव आणि टुब्रो हे आडनाव, अशी समजूत असलेली चांगली शिकलेली माणसं मला ठाऊक आहेत. त्याही आधी, तामिळनाडूतल्या तरंगमबाडीला १६२० पासून १८४५ पर्यंत डेन लोकांची वसाहत होती. सव्वादोनशे वर्षं राहून शेवटी त्यांनी ती इंग्रजांना विकली आणि निमूट घरी गेले. इतका कमी त्रास देऊन गेलेला साहेब विरळा. म्हणूनच बहुधा आपल्याला त्याची आठवण नाही.

भाच्याला मी सगळ्यात आधी एक गणित घातलं. लातूरच्या मुलाला गणित घातलं की तो सावरून बसतो. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या भरली ३३ लाख ६१ हजार आणि लातूर जिल्ह्याची २४ लाख ५४ हजार. बेरीज ५८ लाख १५ हजार. अख्ख्या डेन्मार्कची लोकसंख्या आज साठ लाखांच्या आसपास आहे. म्हणजे लोहा, अहमदपूर, चाकूर, उदगीर, देगलूर, किनवट वगैरे धरून आपले दोन जिल्हे एकत्र केले की एक डेन्मार्क होतो. फरक एवढाच की त्यांना जर्मनीकडची एक बाजू सोडली तर सगळीकडे पाणीच पाणी आहे, आणि आपल्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आणखी एक फरक म्हणजे त्यांची राजधानी ठरलेली आहे. आपल्याकडे नुसतं महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला यावर एवढं रामायण झालं. राजधानीचा प्रश्न निघाला असता तर देशच झाला नसता.

या आकड्याशिवाय डॅनिश सिनेमा कळायचा नाही, म्हणून तो वहीच्या पहिल्या पानावर. दोन जिल्ह्यांएवढी माणसं, आणि त्यांची भाषा बाहेर कुणाला येत नाही. बरं, ती भाषाही अशी की शेजारचे स्वीडिश आणि नॉर्वेजियन लोक म्हणतात, हे डेन घशात उकडलेला बटाटा ठेवून बोलतात. अर्धी अक्षरं गिळतात. "काय करूलालाव" ऐकून पुण्याचा माणूस जसा गालातल्या गालात हसतो, तसाच तिकडचा शेजारी हसतो. आता अशा भाषेत कुणी पिक्चर काढावा का, आणि काढला तर तो बघावा कुणी?

या प्रश्नाचं उत्तर देण्यात डेन्मार्कची एकशे वीस वर्षं गेली. तोच त्यांच्या सिनेमाचा इतिहास.

सुरुवात एका खटपट्या माणसाने केली. ओले ओल्सेन. गरिबाघरचा, जत्रांतून खेळ दाखवत हिंडलेला. आपल्याकडे माळेगावच्या यात्रेत तो सहज खपून गेला असता. त्याने १९०६ साली नॉर्डिस्क नावाची फिल्म कंपनी काढली. पृथ्वीच्या गोळ्यावर उभं असलेलं पांढरं अस्वल ही तिची निशाणी, आणि ती कंपनी आजतागायत चालू आहे. पुढच्याच वर्षी त्याला वाटलं, आफ्रिकेतल्या सिंहाच्या शिकारीचा पिक्चर काढावा. आफ्रिका लांब. मग त्याने हॅम्बुर्गहून दोन सिंह विकत आणले, कोपनहेगनजवळच्या खाडीतल्या एका बेटावर नेले आणि तिथेच आफ्रिका मांडली. बाकीची जनावरं कोपनहेगनच्या प्राणिबागेतली. प्राणिप्रेमी मंडळी खवळली, न्यायमंत्री आल्बर्टी यांनी शिकारीला मनाई केली. ओल्सेनने तरीही सिंह मारले आणि चित्रणही उरकलं. डेन्मार्कमध्ये बंदी आली, तसा त्याने पिक्चर आधी स्वीडनमध्ये लावला आणि अडीचशेच्या वर प्रती जगभर विकल्या. त्या मुक्या जनावरांचं वाईट वाटतं, आणि आज असं कुणी केलं तर त्याला आतच टाकायला हवं. पण गोष्टीचं शेपूट राहिलंच. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, तेच न्यायमंत्री आल्बर्टी स्वतःच्या पायांनी पोलिसांकडे गेले आणि कोट्यवधींच्या अफरातफरीची कबुली देऊन बसले. सिंहांना न्याय मिळाला नाही तो नाहीच. पण न्यायमंत्र्यांना मिळाला.

तो मूकपटांचा जमाना होता. पडद्यावरची माणसं बोलतच नसल्यामुळे घशातला बटाटा कुणाला दिसत नव्हता. १९१० साली उर्बान गाड या दिग्दर्शकाच्या 'आफग्रुंडन' या चित्रपटातून आस्टा नील्सेन नावाची नटी पुढे आली आणि बघता बघता साऱ्या युरोपची झाली. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्या सुमाराला डेन्मार्कसारखा टीचभर देश जगाच्या बाजारात पिक्चर विकणाऱ्या मोठ्या दुकानदारांपैकी एक होता. मग पहिलं महायुद्ध आलं, बाजार तुटले. आणि १९३० च्या आगेमागे बोलपट आला. बोलपट आला आणि डेन्मार्क मुका झाला. कारण आता पिक्चर तिथपर्यंतच जाणार जिथपर्यंत भाषा जाते, आणि भाषा दोन जिल्ह्यांतच संपते.

आपल्याकडेही हाच पेच पडला होता. प्रभातच्या मंडळींनी १९३२ साली 'अयोध्येचा राजा' काढला तो मराठीत आणि हिंदीतही. हिंदीचा दरवाजा आपल्याला शेजारीच होता, म्हणून आपण वाचलो. आणि हिंदीचा दरवाजा शेजारीच होता म्हणून पुढे पुष्कळदा आपण घरातून उठून तिकडेच बसायला गेलो, हेही खरं. डेन लोकांना तसा शेजार नव्हता. त्यांना घरातच बसावं लागलं. घरात बसून त्यांनी काय केलं, तर घर नीट बघितलं.

इथे कार्ल थिओडोर ड्रायर यांचं नाव घ्यायचं आणि कानाला हात लावायचा. जन्म १८८९, मृत्यू १९६८. आधी वर्तमानपत्रात बातमीदार, मग दिग्दर्शक. त्यांचा 'जोन ऑफ आर्क'वरचा मूकपट १९२८ चा. तो त्यांनी फ्रान्समध्ये काढला. पडद्यावर जवळजवळ फक्त चेहरे. खटला चालवणाऱ्या धर्मगुरूंचे आणि फाल्कोनेत्ती नावाच्या त्या नटीचा. या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह आगीत गेली. आणि १९८१ साली त्याची एक उत्तम प्रत कुठे सापडावी? नॉर्वेतल्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात! ती तिथे कुणी आणि का नेली असेल ते देव जाणे. पण सगळ्या शहाण्यांनी हरवलेली वस्तू वेड्यांच्या इस्पितळाने सांभाळून ठेवली, एवढं खरं.

ड्रायरसाहेबांना पिक्चर काढायची घाई नव्हती, आणि त्याहून पैसे देणाऱ्यांना नव्हती. १९३२ नंतर थेट १९४३, मग १९४५, मग १९५५, मग १९६४. मधल्या काळात पोटासाठी त्यांनी सरकारी माहितीपट केले. त्यातला एक, १९४८ चा, वाहतूक सुरक्षेवरचा आहे. अकरा-बारा मिनिटांचा. मोटारसायकलवरून एक जोडपं फेरीबोट गाठायला भरधाव सुटतं. बोट ते गाठतात, पण शवपेट्यांतून. भाच्याला मी सांगितलं, ड्रायर इथून सुरू कर. तुझ्या नीटच्या अभ्यासाची पंधरा मिनिटंसुद्धा जाणार नाहीत, आणि नांदेड-लातूर रस्त्यावर तुझी गाडी आपोआप साठच्या आत राहील. त्यांची वयाची साठी ओलांडल्यावर सरकारने त्यांना कोपनहेगनमधलं एक थिएटर चालवायचा परवाना दिला, म्हणजे म्हाताऱ्याला चार पैसे मिळतील आणि पुढचा पिक्चर निघेल. कलावंताला शाल आणि नारळ देण्याच्या आपल्या पद्धतीपेक्षा ही मला जास्त पोटभरीची वाटते.

त्यातून निघालेला १९५५ चा 'ऑर्डेट', म्हणजे 'शब्द'. भाच्याच्या यादीत हा ठळक अक्षरांत. समुद्राकाठची शेतकऱ्याची वस्ती. म्हातारा बाप, तीन मुलं. थोरला देव मानत नाही, मधला धर्मग्रंथ वाचून वाचून स्वतःलाच देव समजायला लागलाय, आणि धाकट्याला शिंप्याची पोरगी हवी आहे. अडचण अशी की शिंप्याचा पंथ वेगळा. दोघांचा येशू एकच, चर्च एकच, फक्त दिंड्या दोन. आणि सोयरीक म्हटली की दोन्ही दिंड्या रस्त्यावर आडव्या. आता हे सांगायला डेन्मार्कचा माणूस कशाला पाहिजे? आमच्या लोहा तालुक्यात बसून कुणीही सांगील. या सगळ्यांना थोरल्याची बायको इंगर एकटी सांभाळते, आणि ती बाळंतपणात जाते. पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस वैकुंठाला निघाल्यावर ज्याच्या घशात आवंढा आला, त्याला 'ऑर्डेट'चा शेवट कुणी समजावून द्यावा लागत नाही; आणि ज्याच्या आला नाही त्याला समजावून उपयोग नाही. दामले-फत्तेलालांचा तुकाराम १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. त्याच व्हेनिसला १९५५ साली 'ऑर्डेट'ला सुवर्णसिंह मिळाला. दोन सिंह मारून सुरू झालेल्या सिनेमाला अठ्ठेचाळीस वर्षांनी सोन्याचा सिंह मिळाला, असा हा हिशेब आहे.

भाचा म्हणाला, "मामा, हळू हाय का पिक्चर?" म्हटलं, हळू आहे. आपल्याकडचा दुपारचा उन्हाळा जसा हळू असतो तसा हळू. पण उन्हाळ्यात जसं झाडाचं पानन् पान दिसतं तसं यात माणूस दिसतो. हा विषय रट्टा मारून पास होण्याचा नाही.

मधली काही वर्षं पटकन उरकतो. १९६८ पासून 'ओल्सेन गँग' नावाची विनोदी चित्रपटांची मालिका निघाली. चोरांचा म्होरक्या तुरुंगातून सुटतो, म्हणतो, "माझ्याकडे एक प्लॅन आहे," आणि शेवटी बहुतेक वेळा पुन्हा आत जातो. असे चौदा चित्रपट. डेन लोक अजून ते प्रेमाने बघतात. ज्यांचा प्लॅन कधीच पार पडत नाही अशा माणसांवर कुठलाही सामान्य माणूस प्रेम करणारच. १९६९ साली डेन्मार्कने प्रौढांसाठीची सेन्सॉरशिपच उठवली. त्यानंतर काही वर्षं डॅनिश पिक्चर म्हटलं की माणसं आधी इकडेतिकडे बघत आणि मग तिकीट काढत. हा भाग भाच्याला मी ऑप्शनलासुद्धा टाकायला सांगितला नाही. अभ्यासक्रमाबाहेर.

पण त्याच सुमाराला दोन शहाणपणाच्या गोष्टी झाल्या. १९६६ मध्ये सरकारी फिल्म स्कूल निघालं, आणि १९७२ मध्ये कायदा करून फिल्म इन्स्टिट्यूट. साठ लाखांच्या देशात तिकिटाच्या पैशावर सिनेमा जगणार नाही, तेव्हा वाचनालयाला देतो तसे सिनेमालाही पैसे द्यायचे, हे त्यांनी मान्य करून टाकलं. कुणाला द्यायचे हे ठरवायला समित्यांवर समित्या बसवण्याऐवजी त्यांनी सल्लागार नेमले. एकेका माणसाने पटकथा वाचायची, आपल्या अकलेवर हो किंवा नाही म्हणायचं, आणि ठरावीक मुदतीनंतर खुर्ची सोडायची. १९८२ पासून तर एकूण मदतीतला पाव वाटा लहान मुलांच्या आणि कुमारांच्या चित्रपटांसाठी राखून ठेवला. म्हणजे प्रेक्षकसुद्धा त्यांनी बालवाडीपासून तयार केला. याला खरा लातूर पॅटर्न म्हणतात.

पीक आलं ते १९८७ साली, एकाच वर्षी दोन पोती. पहिला गॅब्रिएल आक्सेल यांचा 'बाबेटचं जेवण', कारेन ब्लिक्सनबाईंच्या कथेवरून. समुद्राकाठचं एक वाळकं गाव, दोन म्हाताऱ्या सोवळ्या बहिणी, आणि जेवायला वाळवलेले मासे नि पावाची पेज. त्यांच्याकडे बाबेट नावाची फ्रेंच बाई चाकरीला असते. तिला दहा हजार फ्रँकची लॉटरी लागते. आता आपल्याला लॉटरी लागली तर आपण काय करू? प्लॉट घेऊ, वर एक खोली चढवू, मुलीच्या लग्नाला बाजूला काढू. ही बाई सगळीच्या सगळी रक्कम बारा माणसांच्या एका पंगतीवर उधळते! आणि गावकऱ्यांनी आधीच शपथ घेतलेली की जेवणाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, कारण चव घेणं हे पाप. आपल्याकडेही जेवून उठल्यावर "बरं झालं होतं" यापलीकडे स्तुती न करणारी पिढी होऊन गेली, त्यामुळे ते गाव परकं वाटत नाही. मग एकेक घास पोटात जातो आणि वर्षानुवर्षांच्या अढ्या सुटत जातात. कासवाचं सूप आणि लावे पक्षी आहेत, तेव्हा माळकरी मंडळींनी तेवढ्यापुरते डोळे मिटावेत. पण पिक्चर चुकवू नये. १९८८ साली याला ऑस्कर मिळालं.

दुसरा बिले आउगुस्त यांचा 'पेले द कॉंकरर'. स्वीडनमधलं दुष्काळी जिणं सोडून म्हातारा लासे आणि त्याचा लहानगा पेले बोटीने डेन्मार्कच्या एका बेटावर शेतमजुरीला येतात. बंदरावर मजुरांचा बाजार भरतो. बाप फार म्हातारा, पोरगा फार लहान; सगळे मजूर उचलले जातात, हे दोघं उरतात. दिवाळी सरली की आपल्याकडून ऊसतोडीला जी बिऱ्हाडं निघतात, गाडीवर चूल, भांडी, शेळी आणि शाळा सोडलेलं पोरगं घेऊन, ती ज्याने पाहिली असतील त्याला हा पिक्चर परदेशी वाटणार नाही. लासे पोराला मोठमोठी आश्वासनं देतो आणि मुकादमापुढे उभा राहिला की एकही शब्द त्याच्या तोंडून फुटत नाही. पेले ते बघत असतो. बापाची लाज आणि बापाची माया एकाच डोळ्यांत, असा चेहरा मी दुसऱ्या पिक्चरात पाहिला नाही. १९८८ ला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, १९८९ ला ऑस्कर. दोन जिल्ह्यांच्या देशाला लागोपाठ दोन ऑस्कर.

यानंतर कुणीही सुखाने बसला असता. पण प्रत्येक घरात एक उपद्व्यापी मुलगा असतो. इथे त्याचं नाव लार्स ट्रियर. फिल्म स्कूलमध्ये असतानाच त्याने आपल्या नावात मधे 'फॉन' घातलं, म्हणजे घराणं मोठं वाटावं. आपल्याकडे नाही का, चार एकर कोरडवाहूवर माणूस नावापुढे 'राव' लावून घेतो? विमानाला हा घाबरतो. अमेरिकेला कधी गेला नाही आणि अमेरिकेवर पिक्चर मात्र काढतो. त्याने थॉमस विंटरबर्ग या तरुण मित्राला घेऊन १९९५ च्या मार्च महिन्यात दहा नियमांची एक शपथ लिहिली. नाव 'डॉग्मा ९५'. चित्रण खऱ्या जागीच करायचं, बाहेरून सामान आणायचं नाही, कॅमेरा हातात धरायचा, वेगळे दिवे लावायचे नाहीत, पार्श्वसंगीत घालायचं नाही, खून आणि पिस्तुलं नकोत, गोष्ट आत्ताची आणि इथलीच हवी, आणि दिग्दर्शकाने आपलं नाव घालायचं नाही. पॅरिसच्या एका समारंभात ट्रियरने याची लाल पत्रकं उधळली.

भाच्याला हे ऐकून हसू आलं. "मामा, लाइट नाही, सामान नाही, म्युझिक नाही, म्हंजे आपल्या शाळंचं गॅदरिंगच की!" पोरगं हुशार आहे. भारनियमनाच्या काळात वाढलेल्या मराठवाड्याच्या माणसाला यातला एकही नियम नवा नाही. फरक असा की आपण ज्याला अडचण म्हणतो त्यालाच त्यांनी नियम म्हटलं. अडचण लादलेली असते, तिच्याबद्दल कुरकुर करता येते. नियम आपण केलेला असतो, तो पाळावा लागतो. पैसा नाही म्हणून हॉलीवूडसारखा पिक्चर जमत नाही असं म्हणत बसण्याऐवजी ते म्हणाले, हॉलीवूडला जमणार नाही तेवढा गरीब पिक्चर आम्ही काढून दाखवतो.

आणि दाखवला. विंटरबर्गचा 'फेस्टेन', १९९८. वडिलांची साठी. मोठं घर, पाहुणे, पंगत. थोरला मुलगा काट्याने ग्लास वाजवून उभा राहतो आणि शुभेच्छांच्या भाषणात बापाने लहानपणी आपल्यावर आणि आपल्या बहिणीवर केलेला अत्याचार सगळ्यांसमोर सांगतो. पाहुणे काय करतात? क्षणभर गप्प बसतात आणि पुढचं वाढप मागवतात. तिथे हा पिक्चर डेन्मार्कचा राहत नाही. "चार माणसांत काय म्हणतील" हे वाक्य ज्या ज्या घरात उच्चारलं जातं त्या त्या घराचा होतो. भाच्याला सांगितलं, हा अठरा पुरा झाल्यावर बघ, आणि एकटा बघ, पण बघच. त्याचा छायालेखक अँथनी डॉड मँटल पुढे मुंबईच्या झोपडपट्टीत 'स्लमडॉग मिलिऑनेर' चित्रित करून ऑस्कर घेऊन गेला. आणि शपथ इतकी कडक की विंटरबर्गने नंतर लेखी कबुली दिली: एका दृश्यासाठी आपण खिडकीला काळा पडदा लावला होता, हे पाप झालं. आल्बर्टींच्या देशात कबुलीजबाबाची परंपरा टिकून आहे.

उरलेलं मी भाच्याला एका दमात लिहून दिलं. सुझान बीअरबाईंचा 'आफ्टर द वेडिंग', २००६ चा. सुरुवातच भारतातल्या अनाथाश्रमात होते, तेव्हा पाय रोवायला सोपा. त्यांच्याच 'इन अ बेटर वर्ल्ड'ला २०११ चं ऑस्कर. विंटरबर्गचा 'द हंट', २०१२ चा. बालवाडीतल्या शिक्षकावर खोटा आळ येतो आणि सज्जनांचं गाव कसं कसायासारखं वागतं त्याची गोष्ट. लोने शेरफिगबाईंचा 'इटालियन फॉर बिगिनर्स', २००० चा, डॉग्माचे नियम पाळूनही माणसाला हसवणारा. अक्कासोबत बसून बघायला हाच. आणि २०२० चा 'अनदर राउंड'. चार शिक्षक ठरवतात की रक्तात कायम थोडी दारू ठेवून शिकवायचं. सुरुवातीला वर्ग रंगतात, नंतर माणसं. लातूरसारख्या शिक्षकांच्या गावात हा पिक्चर जपून दाखवावा. प्रयोगाचा पूर्वार्ध तेवढा लक्षात राहायचा. पण त्यामागे एक दुःख आहे. चित्रीकरण सुरू होऊन चारच दिवस झाले होते आणि विंटरबर्गची तरुण मुलगी मोटार अपघातात गेली. त्याने पिक्चर तिला अर्पण केला आणि तो जगण्याच्या बाजूने संपवला. २०२१ चं ऑस्कर घेताना तो तिच्याबद्दलच बोलला. ट्रियर मात्र सगळ्यात शेवटी घ्यायचा. तिखटाची सवय झाल्याशिवाय ठेच्याला हात लावू नये.

तात्या हे सगळं ऐकून म्हणाले, "समदं खरं, पन त्यायचं आपल्याला काय?" वरवर साधा दिसणारा हा प्रश्न परीक्षेत दहा गुणांचा आहे. मला वाटतं, आपल्याला ते हवं आहे ते त्यांच्या ऑस्करांसाठी नव्हे. साठ लाख माणसांनी, घशातल्या बटाट्यासकट, आपल्याच जेवणाच्या टेबलाकडे आणि आपल्याच वस्तीवरच्या म्हाताऱ्याकडे टक लावून बघितलं, आणि ते बघणं जगाला आपलं वाटलं, यासाठी. आपल्याकडे मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर आहेत. पण आमच्या दोन जिल्ह्यांच्या बोलीला पडद्यावर बहुतेक वेळा गड्याचं काम मिळालं: यायचं, "आलाव जी" म्हणायचं, हशा घ्यायचा आणि जायचं. किल्लारीच्या १९९३ च्या पहाटे ही बोली रडली, माळेगावच्या यात्रेत ती खिदळते, नरहर कुरुंदकरांच्या नांदेडात ती तत्त्वज्ञानही बोलली. मग नायकाचं काम तिला का जमू नये? शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नागराज मंजुळ्यांनी 'फँड्री' आणि 'सैराट'मध्ये करमाळ्याकडची बोली जशीच्या तशी ठेवली, आणि पुण्या-मुंबईत कुणी खाली पट्टी लावा म्हणून ओरडलं नाही.

तेव्हा एखादं पोरगं लातुरात कुठे निळ्या डब्यातल्या बटणांसारखं सगळं जुनं साठवत बसलेलं असेल, तर त्याने ड्रायर बघावा, बाबेट बघावी, पेले बघावा आणि मग हातातला फोन आपल्या आजोबांकडे वळवावा. दिवे नाहीत? नियमच आहे. सामान नाही? नियमच आहे. दोन जिल्ह्यांतला पहिला पिक्चर जेव्हा लागेल तेव्हा राजधानी नांदेड की लातूर यावर भांडायला कुणाला सवड नसेल. सगळे तिकिटाच्या रांगेत उभे असतील, आणि तिथे मात्र जरूर भांडतील.